कावीळ आणि भिंतीवरचं कालनिर्णय : टीबीच्या गोळ्यांनी यकृत दुखावतं तेव्हा

सुरंगी :

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, पण अण्णा पूर्ण बरे होईपर्यंत हात धजत नव्हता. जूनमध्ये त्यांचा कोर्स संपला, परवा शेवटचा एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, नॉर्मल आला, म्हणून आज लिहिते.

अण्णा म्हणजे माझे वडील, वय ६४. राजापूर तालुक्यात खाडीकाठी घर, थोडी आंब्याची कलमं, भाताचे चार कुणगे. गेल्या वर्षी फुप्फुसाच्या आवरणात पाणी झालं आणि तपासणीत टीबी निघाला. जुलैमध्ये सरकारी केंद्रातून रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. एकाच गोळीत चार औषधं असतात : आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. यातली पहिली तीन यकृताला इजा करू शकतात. हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं होतं की नाही, आठवत नाही. कदाचित सांगितलंही असेल आणि टीबी या शब्दाच्या धास्तीत कानाआड झालं असेल.

चार आठवडे सुरळीत गेले. मग अण्णांची अन्नावरची वासना उडाली. सकाळी मळमळ, उजव्या बरगडीखाली जड वाटणं, दुपारी दोन घास खाऊन ताट सारणं. अण्णा म्हणाले, पित्त आहे. आईने आमसुलाचं सार दिलं. जवळच्या एका डॉक्टरांनी न तपासता पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. शेजारच्या काकूंनी भुईआवळ्याचा काढा आणून दिला, तो रोज सकाळी सुरू झाला. आणि या सगळ्याबरोबर टीबीच्या गोळ्याही रोज नेमाने पोटात जात होत्या, कारण एकही चुकवायची नाही असं बजावलेलं होतं.

लघवी गडद झालेली अण्णांना दिसली होती. पण रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी-लाल होते हे केंद्रात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्यामुळे 'ते औषधाचंच' म्हणून त्यांनी सोडून दिलं. मी मुंबईत. फोनवर मीही म्हणाले, पित्तच असेल, पावसाळा आहे. गणपतीला घरी गेले तेव्हा ओटीवरच्या उजेडात अण्णांचे डोळे पाहिले आणि पोटात गोळा आला. हळदीसारखे पिवळे. मळमळ सुरू झाल्यापासून त्या संध्याकाळपर्यंत बारा दिवस गेले होते.

रात्रीच अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूर गाठलं. एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढतं ते द्रव्य, ८४० (नॉर्मल ४० पर्यंत). डोळे पिवळे करणारं बिलिरुबिन ६.२. पोटविकारतज्ज्ञ बाईंनी सगळ्या गोळ्या त्याच क्षणी बंद केल्या, काढाही बंद. मग त्यांनी विचारलं, कोणतं औषध कोणत्या तारखेला सुरू झालं? आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. तेव्हा आईने पिशवीतून भिंतीवरचं कालनिर्णय काढलं. निघताना तिने ते का उचललं, तिलाही सांगता येत नाही. दुधाच्या हिशेबाशेजारी गोळ्यांची रोज एक खूण होती. २९ व्या दिवशी 'जेवले नाहीत', ३३ व्या दिवशी 'काढा', ४१ व्या दिवशी 'मुलगी आली'. बाईंनी ते पान मोबाइलमध्ये टिपून घेतलं आणि म्हणाल्या, माझं अर्धं काम या पानाने केलं.

धागा काढलाय तो यासाठीच. टीबीची औषधं घरोघरी आहेत. तुमच्याकडे कुणाला असं झालं असेल तर लिहा. इथे डॉक्टर आणि औषधवाले असतील तर त्यांनीही लिहावं.

रातांबा :

गो बाय, वाचून अंगार काटो इलो. माझ्या काकाक पण असाच झालेला. डोळे पिवळे झाले तेव्हा आमी तेका कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलेलो. तेणी गळ्यात माळ बांधल्यान, माळ लांबत जाईत तशी कावीळ उतारतली म्हणान सांगल्यान. आठ दिवस तेच्यातच गेले. गोळ्ये चालूच. काको वाचलो, पण लय कठीण गेला. आमच्याकडे अजून पयलो मनीस माळ बांधूकच जाता.

वाडीवरचा डॉक्टर :

सुरंगीताई, आधी अण्णा बरे झाले याचा मनापासून आनंद. मी पोटविकारतज्ज्ञ आहे, मूळ गुहागरचा.

पहिल्यांदा माळेबद्दल, कारण ही समजूत गावोगाव आहे. माळ ओल्या देठांच्या तुकड्यांची असते. देठ वाळतात, आक्रसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबते. ती कुणाच्याही गळ्यात लांबेल, खुंटीला टांगली तरी लांबेल. पावसाळ्यात येणारी कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची, दूषित पाण्यातून आलेली. ती बहुतेकांची आपोआप उतरते आणि श्रेय माळेला मिळतं. औषधाने झालेल्या काविळीत मात्र औषध पोटात जातच राहिलं तर यकृत निकामी होऊ शकतं.

आता त्या कालनिर्णयबद्दल. औषधाने यकृताला झालेली इजा सिद्ध करणारी एकही तपासणी आजही नाही. रक्तात 'हे अमुक गोळीमुळे' असं काही दिसत नाही. निदान होतं ते तारखांवरून आणि बाकीची कारणं एकेक करून बाजूला काढून. १९९३ मध्ये यासाठी फ्रान्समधून रुकाम नावाची गुणपद्धत आली, ती जगभर वापरतात. औषध सुरू झाल्यावर किती दिवसांनी त्रास सुरू झाला, बंद केल्यावर आकडे किती वेगाने उतरले, बरोबर आणखी कोणती औषधं होती, वय काय, दारू किती, इतर काविळी तपासल्या का, अशा प्रत्येक प्रश्नाला गुण. ५ ते ९० दिवसांत सुरुवात झाली तर संशय बळावतो. बंद केल्यावर वाढलेला एसजीपीटी ८ दिवसांत निम्म्याहून जास्त उतरला तर आणखी बळावतो. ताई, आठ दिवसांनी अण्णांचा आकडा किती होता?

सुरंगी :

३१०.

वाडीवरचा डॉक्टर :

म्हणजे नॉर्मलच्या वरचे ८०० होते, त्यातले ५३० उतरले. आणि काढा ३३ व्या दिवशी सुरू झाला, त्रास २९ व्या दिवशी. सुरुवात काढ्याने केलेली नाही हे त्या पानावरूनच ठरलं. ती खूण नसती तर आम्ही दोन्हींवर संशय घेत बसलो असतो, आणि अण्णांना टीबीची कोणती औषधं परत द्यायची हा निर्णय फार अवघड झाला असता.

आणखी एक गोष्ट, घाबरवायला नाही तर उशीर का परवडत नाही ते कळावं म्हणून सांगतो. अमेरिकेतले हायमन झिमरमन या विषयातले मोठे अभ्यासक. त्यांनी पाहिलं की औषधाने यकृताच्या पेशी मरत असतील आणि त्यातच कावीळ दिसू लागली, तर दहातला साधारण एक रुग्ण दगावतो. आज हा 'हाय्ज लॉ' म्हणून ओळखला जातो : एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त, बिलिरुबिन दुपटीहून जास्त, आणि दुसरं कारण नाही. नव्या औषधाच्या चाचणीत असे एकदोन रुग्ण दिसले तरी औषध कंपनीची आणि नियामकांची झोप उडते. आपल्याकडची नोंद बघा. भारतातल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेली १,२८८ रुग्णांची यादी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ४६.४ टक्के रुग्णांना टीबीच्या औषधांनी इजा झाली होती. एकूण मृत्यू १२.३ टक्के. झिमरमन यांचा दहात एक तिथेही जवळपास तसाच दिसतो.

म्हणून डोळे पिवळे व्हायची वाट बघायची नाही. अण्णांचे ते बारा दिवस फार मोलाचे होते.

दर्यावर्दी :

पण मग मळमळ झाली की लगेच गोळ्या बंद करायच्या का? माझी आई सध्या टीबीच्या गोळ्यांवर आहे, सातवा आठवडा. मळमळ तिला रोजच होते. केंद्रातले म्हणतात, अर्धवट सोडल्या तर टीबी औषधांना दाद देणार नाही.

वाडीवरचा डॉक्टर :

दोन्ही खरं आहे, म्हणूनच रक्त तपासायचं. या गोळ्यांनी बऱ्याच जणांना सुरुवातीला नुसती मळमळ होते, यकृत ठीक असतं. गोळी थोडं खाऊन घेतली की ती कमीही होते. पण सुरुवातीला नसलेली मळमळ काही आठवड्यांनी नव्याने सुरू झाली, भूक मेली, उलटी झाली, थकवा आला, तर पुढची गोळी घेण्याआधी केंद्रात जा आणि एलएफटी करा. त्रास होत असताना एसजीपीटी तिप्पट झाला तर आम्ही औषधं थांबवतो. काहीच त्रास नसेल तर पाचपट होईपर्यंत लक्ष ठेवतो. कावीळ दिसली तर थांबवतोच. मधल्या काळात यकृताला न दुखावणारी दुसरी औषधं देता येतात. त्यामुळे टीबी मोकाट सुटत नाही. स्वतःच्या मनाने बंद करून गप्प बसणं मात्र खरंच धोक्याचं.

लघवीच्या रंगाचं सुरंगीताईंनी लिहिलंय ते सगळ्यांनी लक्षात ठेवा. रिफाम्पिसिनचा नारिंगी-लाल रंग पहिल्या दिवसापासून असतो आणि डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहतो. काविळीतला रंग मागाहून येतो, कोऱ्या चहासारखा गडद. डोळे दिवसाच्या उजेडात बघायचे. पिवळ्या बल्बखाली काही कळत नाही.

आईंना मळमळ पहिल्या दिवसापासून आहे की आता वाढलीये?

खाडीकाठ :

माझं सिंधुदुर्गात औषधाचं दुकान आहे, २२ वर्षं. या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्याकडे होड्यांवर जाणारे लोक येतात. अंगदुखीची एक गोळी, सर्दीची दुसरी, तापाची तिसरी. नावं वेगवेगळी, पण तिन्हींत पॅरासिटामॉल असतं हे त्यांना माहीत नसतं. मोठ्या माणसाने दिवसात ४ ग्रॅमच्या वर जायचंच नाही, म्हणजे ५०० च्या आठ गोळ्या. रोज दारू घेणाऱ्याने किंवा फार अशक्त माणसाने त्याच्या निम्म्यावरच थांबावं. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात विषारी द्रव्यात बदलतो. ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ ते विष निष्प्रभ करतो. उपास, अशक्तपणा आणि दारू यांनी ग्लुटाथायोनचा साठाच कमी होतो. दोन दिवस उलट्या झालेला, काही न खाल्लेला माणूस ताप आला म्हणून गोळ्यांवर गोळ्या घेतो तेव्हा मला त्याची फार काळजी वाटते. यावर अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो लवकर मिळावा लागतो.

टीबीच्या औषधांचं तसं नसतं. तिथे डोस बरोबर असूनही एखाद्यालाच इजा होते. म्हणून दुकानात मी आता आधी विचारतो, घरात आणखी काय चालू आहे?

पाचोळा :

सगळं मान्य. पण दर वेळी काढ्याला आणि झाडपाल्याला बदनाम करायची घाई का? माझ्या आजीने परसातली गुळवेल आयुष्यभर दिली. भुईआवळा तर काविळीचंच औषध. हजारो वर्षांची विद्या आहे ती.

वाडीवरचा डॉक्टर :

पाचोळा, घाई नाही. माझ्याही आजीच्या परसात गुळवेल होती. पण मी जे पाहिलं आणि वाचलं ते सांगणं माझं काम आहे.

करोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी लोकांनी गुळवेल महिनोन् महिने रोज घेतली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले असे ६ रुग्ण दिसले, त्यांनी २०२१ मध्ये ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पती नीट ओळखलेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात असू शकते. आक्षेप रास्तच होता, त्याचा तपास व्हायलाच हवा. पुढे २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्ण मांडले. त्यातल्या बऱ्याच जणांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखं चित्र होतं. आजी तापात चार दिवस काढा द्यायची आणि थांबायची. सहा महिने रोज घेणं ही तिची पद्धत नव्हती.

भुईआवळ्याची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथे प्रामाणिकपणे शोध घेतला गेला. १९८८ मध्ये मद्रासच्या डॉक्टरांनी हिपॅटायटिस बी च्या वाहकांना ३० दिवस भुईआवळा दिला आणि ५९ टक्के लोकांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली असं प्रसिद्ध केलं. जगभर आशा निर्माण झाली. पुढे इतरांनी तीच चाचणी करून पाहिली, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. भुईआवळ्याने अण्णांना इजा केली असं मी म्हणत नाही, तारखा तसं सांगत नाहीत. पण तो 'यकृताचं औषध' म्हणून घरात आला आणि त्याच्या भरवशावर आणखी आठ दिवस गेले.

आणि हळद. भाजीतल्या हळदीला कुणी काही म्हणत नाही. पण मिरीचा अर्क घालून विकतात त्या हळदीच्या कॅप्सूल वेगळ्या, मिरीने हळदीतलं द्रव्य रक्तात कित्येक पटीने जास्त जातं. हळदीच्या गोळ्या-कॅप्सूलनी यकृताला इजा झालेल्या अमेरिकेतल्या १० रुग्णांचा अभ्यास २०२२ मध्ये आला, त्यातल्या ७ जणांत एकच जनुकखूण होती.

पाचोळा :

दिवसांचं म्हणणं पटलं. आजी खरंच तीन-चार दिवसच द्यायची. घरात आईच्या कॅप्सूल आहेत, आज त्यांवरचं लेबल वाचतो.

माडबन :

एक प्रश्न बरेच दिवस मनात आहे. औषध बाजारात येण्याआधी हजारो लोकांवर चाचणी होते ना? मग यकृताचं तेव्हाच का कळत नाही?

वाडीवरचा डॉक्टर :

हापूसच्या भाषेत सांगतो. तुम्ही ३,००० आंबे कापले आणि एकातही साका, म्हणजे आत खराब झालेला गर, निघाला नाही, तर बागेत साका नाहीच असं म्हणता येईल का? नाही. फार तर म्हणता येईल की त्याचं प्रमाण हजारात एकापेक्षा जास्त नसावं. संख्याशास्त्रात हा तिनाचा नियम आहे : जितक्यांत एकही सापडला नाही त्या आकड्याला तिनाने भागायचं. दहा हजारांत एकाला होणारी इजा पकडायची तर ३०,००० लोक लागतात, आणि बहुतेक औषधांच्या चाचण्या एवढ्या मोठ्या नसतात. मधुमेहाचं ट्रोग्लिटाझोन असंच बाजारात आलं आणि यकृत निकामी झाल्याच्या घटना पुढे आल्यावर २००० मध्ये अमेरिकेत मागे घेतलं गेलं.

म्हणून बाजारात आल्यानंतरच्या नोंदी फार महत्त्वाच्या. आइसलँडसारख्या छोट्या देशाने अख्ख्या देशाची नोंद ठेवली, तेव्हा कळलं की दर लाख लोकांमागे वर्षाला १९ जणांना औषधाने यकृताची इजा होते. आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलेनेट हे रोज लिहिलं जाणारं अँटिबायोटिक त्यात पहिलं होतं, ते घेणाऱ्या २,३५० लोकांत एकाला. त्यातही त्रास अनेकदा कोर्स संपल्यावर सुरू होतो, त्यामुळे रुग्ण त्या औषधाचं नावच घेत नाही. आपल्याकडे २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची राष्ट्रीय नोंद चालते. रुग्ण स्वतः १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवू शकतो. दुकानदारही कळवू शकतात.

खाडीकाठ :

मी आजवर चार कळवल्यात. फॉर्म मराठीतही मिळतो.

सुरंगी :

माडबन, तुमच्या प्रश्नावरून आठवलं. अण्णा बरे होत असताना त्यांना एका अभ्यासात येणार का विचारलं होतं, रक्ताचा नमुना आणि जनुकांची तपासणी. संमतीपत्र मराठीत होतं. अण्णांनी ते चष्मा लावून दोन तास वाचलं आणि तीन प्रश्न विचारले : माझं नाव कुठे छापणार का, मधूनच नको म्हटलं तर उपचार बंद होतील का, आणि निकाल मला कळेल का. पहिल्या दोन्हींना ठाम 'नाही' मिळालं. तिसऱ्याला बाई म्हणाल्या, कदाचित वर्षं लागतील आणि त्याचा तुम्हाला स्वतःला उपयोग होणार नाही. तरी अण्णांनी सही केली. म्हणाले, वाडीत पुढच्याला तरी आधी कळू दे. मला ते उत्तर फार आवडलं, बाईंचंही. खोटी आशा दाखवली नाही.

औषधं परत कशी सुरू केली तेही लिहिते. आकडे उतरायला सहा आठवडे लागले. मग आधी एकटं रिफाम्पिसिन, आठवड्याने रक्त. मग आयसोनियाझिड, पुन्हा रक्त. पायराझिनामाइड परत दिलंच नाही, म्हणून कोर्स नऊ महिन्यांचा झाला.

रातांबा :

एक इचारूचा रवला. काकाक गोळ्ये परत चालू झाल्यार बांगडो खाल्ल्यान आणि तोंड लालबुंद, डोक्या फुटता असा झाला. तां पण यकृताचा?

वाडीवरचा डॉक्टर :

नाही, ते वेगळं, पण किनाऱ्यावर प्रत्येक टीबी रुग्णाला सांगावं असं. बांगडा, कुपा हे मासे बर्फाशिवाय राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं, आणि शिजवून ते जात नाही. एरवी शरीर ते मोडून टाकतं. आयसोनियाझिड ते मोडू देत नाही. मग चेहरा लाल, डोकं ठणकतं, छाती धडधडते. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात टीबीच्या रुग्णांत हे नोंदवलंय. कोर्स चालू असेपर्यंत बांगडा आणि कुपा टाळावा. दुसरे ताजे मासे खायला हरकत नाही. टीबीत प्रथिनं लागतातच.

दर्यावर्दी :

डॉक्टर, तुम्ही विचारलं होतं म्हणून आईला नीट विचारलं. पहिल्यापासून थोडी होती, पण गेल्या रविवारपासून उलटी होते आणि मासळीचा वासही नको म्हणते. आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं तिने. आज दिवसाउजेडी डोळे बघितले, पांढरे आहेत. आत्ता आशाताईंना फोन केला, त्या म्हणाल्या उद्याची गोळी देऊ नका, सकाळी लवकर या, पण उपाशीपोटी नको. पहिल्या एसटीने जातोय.

सुरंगी :

जा. आणि रात्री बसून लिहून काढा, गोळ्या कोणत्या तारखेपासून, उलटी कोणत्या दिवसापासून, मधे कोणी काय काय दिलं. काढा, चूर्ण, डोकेदुखीची गोळी, सगळं. रिकामी पाकिटं पिशवीत घ्या.

दर्यावर्दी :

लिहितोय. आईने कॅलेंडरवर काही लिहिलेलं नाही, पण उलटी पहिल्यांदा झाली ती मार्लेश्वरला जाऊन आलो त्या रात्री, म्हणजे रविवार नक्की. गोळ्यांचं कार्ड सापडलं. रिपोर्ट आला की इथे आकडे टाकतो.